चिलमीला सूट कोणी दिली?

"गांजा म्हंजे दारू थोडीच हाय बे? जंगलची जडीबुटी हाय!"

दोस्तांनो, १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात दीक्षा दिली. प्रतिज्ञेत दारूचं नाव आहे, म्हणून चिलमीला सूट? पाचवं शील प्रत्येक नशेला लागू आहे.

गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. बाटलीविरुद्ध बाया रस्त्यावर आल्या. चिलमीपुढं आपण मुके!

रोजच्या धुरानं खोकला-कफ छातीत घर करतो, आठवण बोथट होते, सवय सुटत नाही. कोवळ्या वयात भरमसाट ओढणाऱ्याला भास, संशय, वेड यांचा धोका वाढतो.

हजारो वर्षं ज्यांनी आपल्याला डोकं वापरू दिलं नाही, त्यांचंच काम तुम्ही फुकटात करताय. फेका ती चिलीम!