बोटं पळाली, गाणं कुठं राहिलं?



आज तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. बाईंच्या चुका ऐकायला तुम्हांला फार आवडतं, हे मला ठाऊक आहे! तेव्हा नीट मांडी घालून बसा.

आमची शाळा बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, उसाच्या शेतांमध्ये आहे. गेल्या हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन झालं. गायन-वादनाच्या स्पर्धेला परीक्षक मीच होते. सातवीतल्या एका मुलानं गिटार वाजवली. ती त्याच्या मामानं बारामतीहून आणून दिलेली. शिकवायला कुणी नाही, मोबाईलवर बघून बघून पोरगा शिकला. त्याची बोटं तारांवर अशी पळत होती, की पुढच्या रांगेतली पहिली-दुसरीची पोरं तोंडाचा आ करून बघत राहिली.

त्याच्यानंतर पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. हातात वाद्य नाही, साथीला कुणी नाही. आजीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या चार ओव्या तिनं म्हटल्या. मध्ये एकदा सूरही घसरला. पण मागं बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खिचडी शिजवणाऱ्या मावशी हातातला डाव तसाच धरून दारात उभ्या राहिल्या.

माझ्या कागदावर चार रकाने होते : तयारी, सूर, ताल, सभाधीटपणा. मी गुणांची बेरीज केली. गिटारवाल्याचा पहिला नंबर आला, ओव्यांचा तिसरा. बक्षिसं वाटली, फोटो काढले, झालं!

पण झालं कुठं? दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, पहिला नंबर माझा आला. मग टाळ्या तिला जास्त का पडल्या ओ?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. तेवढ्यात तो खाली बघत म्हणाला, "पारावर एकजण म्हणत होते, पोराची बोटं पळतात, पण त्यात जीव नाही. जीव कुठनं आणायचा, बाई? मोबाईलवर तेवढंच शिकवत नाहीत. मी गिटार माळ्यावर टाकली."

मुलांनो, खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. एका मुलानं वाद्य माळ्यावर टाकलं होतं आणि त्याला पहिला नंबर मीच दिलेला! मग मी उत्तर शोधायला लागले. जे सापडलं, ते आज तुम्हांला सांगते.

पहिल्यांदा विचारलं माझ्या वडिलांना. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. ते हसून म्हणाले, "अगं, मला गुरुजींनी महिनाभर नुसता 'धा' वाजवायला लावला होता. एकच बोल! मी कंटाळून रडलो. पण हात बसल्याशिवाय मन कशात बसणार?"

हात बसणं, बोल घोटणं, रियाज करणं... आपल्या संगीतात याला सुंदर शब्द आहे : तयारी. म्हणजे पारावरच्या माणसाचं म्हणणं अर्धंच खरं. तयारी असणं हा काही दोष नाही. मग कमी पडलं ते काय?

त्यासाठी तुम्हांला जरा लांब, अमेरिकेत घेऊन जाते. तिथल्या मिसिसिपी राज्यात कापसाची मोठमोठी शेतं आहेत. त्या शेतांत राबणारे काळे मजूर कामाच्या वेळी गाणी म्हणत. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. अशा गाण्यांतूनच 'ब्लूज' नावाचं संगीत पुढं आलं. पुढं त्याच ब्लूजमधून 'रॉक'ही जन्मलं. जात्यावर बसून एकीनं ओवी म्हणायची आणि दुसरीनं उचलायची, तशीच ही रीत नाही का? कष्ट करणाऱ्या माणसांना जगात सगळीकडं गाण्याचा आधार लागतो.

याच मिसिसिपीत 1925 साली एक मुलगा जन्मला. तो कापूस वेचायचा. मोठेपणी तो बी. बी. किंग या नावानं जगभर गाजला. त्याच्या गिटारचं नाव होतं 'ल्यूसिल'. गिटारला कुणी नाव ठेवतं का? त्याची गंमत ऐका. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट या गावात तो एका नाचघरात वाजवत होता. ऊब यावी म्हणून मध्ये पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोघांची मारामारी जुंपली, पिंप कलंडलं आणि नाचघराला आग लागली. सगळे बाहेर पळाले, किंगही पळाला. मग त्याला आठवलं, गिटार आतच राहिली! तो तसाच आगीत शिरला आणि गिटार घेऊन आला. दुसऱ्या दिवशी कळलं, की ती दोघं ल्यूसिल नावाच्या एका बाईवरून भांडत होती. असला मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यानं गिटारचं नाव 'ल्यूसिल' ठेवलं. (तुम्ही मात्र आगीत शिरायचं नाही हं! त्यालाही ते नंतर पटलं होतं.)

आता मुद्द्याचं. किंगच्या नात्यातला बुका व्हाइट नावाचा एक मोठा गिटारवादक होता. तो तारेवर नळी सरकवून वाजवायचा. त्यामुळं सूर रडणाऱ्या माणसासारखा लांबत, थरथरत जायचा. किंगला तो आवाज फार आवडे, पण ती नळी सरकवणं काही केल्या जमेना. मग त्यानं काय केलं? बोटानं तार दाबायची आणि मनगट हलवून बोट थरथरवायचं. तसं करता करता नळीशिवाय तो थरथरता सूर त्याला सापडला! पुढं त्याच्या वाजवण्याची ती ओळखच झाली.

कॉर्ड वाजवणं आपल्याला फारसं जमत नाही, असं तो स्वतःच सांगायचा. इतरांच्या मानानं तो सूरही थोडेच वाजवी. गाताना हात थांबलेला असे. गाण्याची ओळ संपली, की गिटार उत्तर देई. पण त्यातला एक सूर ऐकला, तरी लोक ओळखायचे, की हा बी. बी. किंग! 2015 साली तो वारला, तोवर जगभरच्या गिटारवादकांनी त्याला गुरू मानलं होतं.

बघा हं, इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. किंगकडं तयारी नव्हती आणि नुसता भाव होता, असं मुळीच नाही. एकच सूर तसा थरथरवायला किती महिने, किती वर्षं घोटावं लागलं असेल! त्याची तयारी वेगाची नव्हती, एवढंच. आपली गल्लत इथंच होते. वेग म्हणजेच तयारी, असं आपण समजतो. मीसुद्धा रकाना भरताना तेच समजले होते.

आता परत आपल्याकडं येऊ. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 1924 साली शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा जन्मला. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून तो मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवी. लोक थक्क होत. एवढंसं पोर आणि केवढी ही तयारी! लहानपणीच त्याला 'कुमार गंधर्व' म्हणू लागले. पण नक्कल कितीही छान असली, तरी ती दुसऱ्याचीच ना? पुढं मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडं तो शिकला आणि गाणं समजून घेऊ लागला.

नाव होत होतं, आणि ऐन तरुणपणी क्षयानं गाठलं. 1948 साली कुमारजी हवापालटासाठी मध्य प्रदेशातल्या देवासला गेले. गायला बंदी! एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. पाच वर्षांच्या आसपास हा गवई अंथरुणावर पडून होता. विचार करा, पळणाऱ्याचे पाय बांधावेत, तसंच ते.

पण कान उघडे होते. खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ते ऐकत राहिले. त्या साध्या, न शिकलेल्या गळ्यांत त्यांना सुरांचे खजिने दिसले. बरे झाल्यावर ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा पूर्वीसारखा लांब दम उरला नव्हता. मग ते छोट्या छोट्या तुकड्यांत गायचे, मध्येच थांबायचे. आणि त्या थांबण्यातही ऐकणाऱ्याला सूर ऐकू यायचा! लोकगीतांच्या धुनांमधून त्यांनी नवे राग बांधले. 1990 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, 1992 साली ते गेले. तबकडीची नक्कल करणारा मुलगा आता कुणासारखाच गात नव्हता. तो स्वतःसारखा गात होता.

इथंही तेच. आधीची तयारी वाया गेली नाही, तिच्या जोरावरच तर ते उभे राहिले. पण ऐकणं आणि थांबणं हे त्यांना आजारपणानं शिकवलं.

आता एक गंमत करू. 'आई' हा शब्द म्हणा. लांब रानात गेलेल्या आईला हाक मारताय, असं म्हणा. आता ठेच लागली, तसं म्हणा. आता पैसे मागायचेत, तसं. आता आई रागावलीय, तसं. आणि आता झोप येतेय, तसं म्हणा. शब्द तोच, अक्षरंही तीच! बदललं ते काय? तोच तो 'जीव'. पण ज्याला 'आई' हा शब्द नीट उच्चारताच येत नाही, त्याला या पाचही तऱ्हा जमणार नाहीत, हेही खरं.

आपल्या भागातलं आणखी एक उदाहरण घ्या. एस.टी.नं बारामतीहून इंदापूरला निघालात, तर काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी कधी आली नि गेली, कळतही नाही. आषाढात त्याच वाटेनं तुकोबांची पालखी मुक्काम करत करत जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्याचं रिंगण. रस्ता तोच, पण पायी चालणाऱ्याला तो दिसतो. दिंडीतला वीणेकरी पाहिलाय ना? दिवसभर तो वीणेवर एकच सूर छेडत असतो. त्या एका सुरावर सगळी दिंडी चालते.

म्हणजे भरभर वाजवणं वाईट का? छे! जत्रेत हलगी कडाडली, की म्हाताऱ्यांचेही पाय थिरकतात. तिथं वेगातच जीव असतो. एस.टी.सुद्धा लागतेच की! फक्त आपण कुठं निघालोय, ते ठाऊक पाहिजे.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण चेहऱ्यावरून कळत होतं, की काही उतरलेलं नाही. बरोबरच आहे, नुसतं सांगून पोहायला येतं का? मग मी म्हटलं, "गिटार खाली काढ. त्या पाचवीतल्या मुलीला बोलाव. ती एक ओवी म्हणेल. ती थांबली, की तू तीच ओवी तारांवर म्हणायची. जास्तीचा एकही सूर नको."

पहिल्या दिवशी व्हरांड्यात नुसता गोंधळ! त्याचं उत्तर तिची ओळ संपायच्या आधीच सुरू व्हायचं. शेवटी ती म्हणाली, "दादा, तू लई घाई करतोस. माझी आजी ओळ संपली की जात्याचा एक फेरा होऊ देते." मुलांनो, माझ्या एवढ्या लांबलचक व्याख्यानात जे नव्हतं, ते या एका वाक्यात होतं!

ओवीत एका जागी तिचा आवाज वळायचा. ती जागा त्याला पट्ट्यांवर सापडेना. एका पट्टीवर सूर खाली पडायचा, पुढच्या पट्टीवर चढायचा. मग त्यानं बोटानं तार दाबूनच बाजूला ओढली. सूर हळूच वर सरकला. आणखी ओढली, आणि तार तुटली! दोघंही हसून लोटपोट. दुसऱ्या आठवड्यात नवी तार आली आणि ती जागा सापडली. तार ओढून सूर वर न्यायचा, हे किंगसुद्धा करायचा. याला तिथलं कुणी तोंडानं शिकवलं नव्हतं, आपल्या आजीच्या ओवीनं शिकवलं.

आणि मुलीचं काय? तिचा सूर मध्ये घसरायचा, आठवतंय ना? आता गिटारचा सूर धरून ती म्हणते. घसरली, की आपली आपण सावरते. म्हणजे त्याच्याकडची तयारी तिच्या उपयोगी पडली.

बक्षीस वाटून झालंय, ते काही बदलता येत नाही. तिसऱ्या नंबरची वही तिनं कधीच भरून टाकली. पण या वर्षीच्या परीक्षकाच्या कागदावर मी एक रकाना वाढवला आहे. त्याला नाव काय द्यावं, ते अजून सुचलेलं नाही. दोघांना विचारलं. मुलगा म्हणाला, "जीव." मुलगी म्हणाली, "थांबणं."

तुम्हांला काय वाटतं? आज रात्री घरातल्या आजीला किंवा आईला एक जुनं गाणं म्हणायला सांगा. त्या कुठं थांबतात, कुठं आवाज वळतो, तेवढंच ऐका. मग तुमच्या पेटीवर, बासरीवर, नाहीतर नुसत्या गळ्यानं त्यांना उत्तर देऊन बघा. जमलं तरी लिहा, तार तुटली तरी लिहा. आणि रकान्याचं नाव कळवायला विसरू नका.

तुमच्याच,
बाई