हरिहर हा 'पहिला ट्रेक' नव्हे!

पावसाळा आला की जाहिराती सुरू. 'हरिहर, नवख्यांसाठी उत्तम, चहा-नाश्त्यासह.' नवख्यांसाठी? कातळात कोरलेल्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, कडेला हात रोवायला खोबण्या, चढणारे-उतरणारे एकाच वाटेवर. वर शेवाळ आणि रविवारची गर्दी.

मीही असाच गेलो होतो, जिमचे बूट घालून. पन्नास जणांमागे लीडर दोन. एक पुढे, एक मागे, मधले आम्ही देवाच्या भरवशावर! उतरताना पाय लटपटायला लागले, खाली बघवेना. शेवटी निरगुडपाड्याच्या एका टपरीवाल्या पोराने माझा एकेक पाय धरून पायरीवर टेकवत मला खाली आणलं. पैसे आयोजकाने घेतले, जीव त्या पोराने सांभाळला.

चूक माझी होतीच. पण फॉर्म भरताना 'आधी काय चढलात?' एवढं तरी कुणी विचारलं का? टी-शर्टचा साइज मात्र विचारला! आणि उद्या कुणी पडलं की सरसकट बंदी, म्हणजे त्या पोराची टपरीही बंद. बंदी घालायचीच तर भर जुलैत नवख्यांना हरिहर विकणाऱ्यांवर घाला. आधी लोहगड चढवा की त्यांना.