इथेनॉल आपले, पण ट्रॅक्टर डिझेलचा



गटात फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, इथेनॉल आपल्याच उसाचं. पेट्रोलमध्ये चालतं, मग आमच्या ट्रॅक्टरला का नको?" प्रश्न रास्त आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. इकडे नांगरटीपासून ऊस वाहतुकीपर्यंत डिझेलचा भार शेवटी शेतकऱ्याच्याच बिलावर पडतो. तरीही आमचे सांगणे स्पष्ट आहे, घरच्या घरी डिझेलमध्ये स्पिरिट मिसळू नका.

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी असते. डिझेल इंजिनात ती नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटावे लागते. पेट घेण्याच्या या गुणाचा आकडा डिझेलचा ५० च्या आसपास, तर इथेनॉलचा जेमतेम ८. डिझेलपंपाला वंगण मिळते तेही डिझेलचेच. स्पिरिटात तो गुण नाही, म्हणून पंप आणि नोझल झिजतात. थोडे पाणी शिरले की दूध फाटावे तसे दोन्ही वेगळे होतात. टाकीतली वाफ पेट घेण्याचा धोका निराळाच. एवढे करून लिटरमागे ताकद डिझेलच्या सुमारे ६० टक्केच. आमच्या गटात एकाने हा उद्योग करून पाहिला. वाचले शेकड्यात, गेले हजारात, आणि ऐन तोडणीत ट्रॅक्टर आठ दिवस गॅरेजला!

मग हे होणारच नाही का? होते. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या बसगाड्या ९५ टक्के इथेनॉलवर अनेक वर्षे धावल्या. २०१४ साली तशी बस नागपुरातही आली. पण ते इंजिनच त्यासाठी बांधलेले. त्यात दाब जास्त आणि इंधनात पेट घ्यायला मदत करणारे द्रव्य घातलेले. आता साखर आंबवून होणारे आयसोब्युटेनॉल डिझेलमध्ये मिसळण्याचेही प्रयोग चालले आहेत.

आमचे मत असे, की इंधनाजोगे इंजिन घडले पाहिजे. त्याचा धोका एकट्या शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरवर का घ्यावा? कारखान्यांनी एकत्र येऊन ट्रॅक्टर बनवणाऱ्यांकडे इथेनॉलच्या इंजिनाची मागणी करावी. चाचणीसाठी आपल्या वाहतुकीचे रस्ते आणि ट्रॅक्टर आहेतच. सभासदांनी हा विषय वार्षिक सभेत जरूर मांडावा.

तोवर एअर फिल्टर साफ ठेवा, टायरात हवा बरोबर ठेवा, ट्रॉली बेताची भरा. डिझेल त्यानेही वाचते.

— ऊस विकास अधिकारी