‘जॉइन’ करताय? आधी या शब्दाचं कूळ बघा

दिवसातून कितीदा ‘जॉइन’ दाबतो आपण? कॉलेजचा ग्रुप जॉइन, मीटिंग जॉइन, चॅनेल जॉइन. नोकरीतही माणूस ‘सोमवारी जॉइन होतो’. मराठीत त्यासाठी सामील होणं, रुजू होणं, सहभागी होणं असे वेगवेगळे शब्द आहेत. बटणावर मात्र एकच.

मूळ शब्द लॅटिन, ‘युंगेरे’. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. गंमत म्हणजे आपला संस्कृत ‘युज्’ धातू याच घराण्यातला. म्हणजे योग, युक्त, संयुक्त हे सगळे ‘जॉइन’चे चुलतभाऊ. इंग्रजीतलं ‘योक’ आणि बैलांच्या मानेवरचं आपलं ‘जू’ पण त्याच कुळातलं! जू मानेवर आलं की बैलाची दिशा गाडीवान ठरवतो.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे शेअर ट्रेडिंगच्या नावाने चालणारे ग्रुप. यात बऱ्याचदा तुम्ही जॉइन होतच नाही, कोणीतरी तुम्हाला परस्पर जुंपतं. आत रोज नफ्याचे स्क्रीनशॉट पडतात, ‘थँक यू सर’ म्हणणारे मेंबर असतात (त्यातले बरेच त्यांचेच), मग एक अ‍ॅप डाउनलोड करायला सांगतात. अ‍ॅपमध्ये नफा दिसतो, पण काढायला गेलं की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतात. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणुकीच्या अड्ड्यांशी संबंधित ६८ लाखांहून जास्त व्हॉट्सअ‍ॅप खाती बंद केल्याचं मेटाने ऑगस्टमध्ये सांगितलं. आकडा मोठा आहे, पण नवीन सिम घेऊन नवा ग्रुप काढायला वेळ किती लागतो?

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे जाऊन ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. मग अनोळखी माणूस तुम्हाला थेट ग्रुपमध्ये टाकू शकत नाही, त्याला आमंत्रण पाठवावं लागतं. ही सोय २०१९ पासून आहे, तरी ‘एव्हरीवन’ तसंच ठेवलेले फोन भरपूर सापडतील. माझ्या मते ते सुरुवातीपासूनच बंद हवं होतं. २०२२ पासून ग्रुप गुपचूप सोडताही येतो, फक्त अ‍ॅडमिनला कळतं. पण तोवर तुमचा नंबर सगळ्या मेंबरना दिसलेला असतो, तो काही परत घेता येत नाही.

पैसे गेलेच असतील तर ग्रुपवर भांडत बसू नका. चॅट डिलीट न करता लगेच १९३० वर फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.