होय मामा, मी सालदार आहे!

आखाजीला धुळ्याला मामांकडे गेलो होतो. खापरावरची पुरणपोळी, आमरस... जेवण अंगावर आलेलं, आणि तेवढ्यात मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, तू दाक्तर शेस का सालदार?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर सुचलं ते जळगावला परत येताना, एसटीत, पारोळ्याच्या आसपास. वहिनी हा ब्लॉग वाचते, तिने हे मामांना वाचून दाखवावं ही विनंती :)

खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी: सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आखाजीला त्याचं जुनं साल संपतं आणि नवं ठरतं. मामांना टोमणा सुचला तो यावरून. दोन वर्षांपूर्वी मी दर खेपेची फी बंद केली. आता कुटुंबामागे महिन्याला ३०० रुपये. मग कितीदाही या, फोन करा, नुसतं विचारायला या.

अमेरिकेत याला 'डायरेक्ट प्रायमरी केअर' म्हणतात. विमा कंपनीला मधून काढायचं, पेशंटने डॉक्टरला थेट महिन्याचे पैसे द्यायचे. पण हे तिकडचंच खूळ आहे असं समजू नका. आपल्या सेवाग्रामला डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला होता. सुगीत ज्वारी द्या, वर्षभर उपचार घ्या!

आता मी या वाटेला का लागलो ते. हे घरी कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रॅक्टिसची पहिली आठ वर्षं मी एका लॅबकडून पाकीट घेत होतो. 'सगळेच घेतात' हे वाक्य तोंडपाठ होतं. एकदा यावलकडचा एक मजूर आला, केळीच्या कापणीवर जाणारा. थकवा, चक्कर. मी तपासण्यांची लांबलचक यादी लिहिली, त्यातल्या निम्म्या नसत्या केल्या तरी चालल्या असत्या. चार दिवसांनी तो रिपोर्ट घेऊन आला. सगळं नॉर्मल. हात जोडून म्हणाला, "देव पावला साहेब. शेळी विकली, पण जीव भांड्यात पडला." त्या शेळीतला माझा वाटा महिनाअखेरीला पाकिटातून आला. ते पाकीट मला उघडवलं नाही.

असे पैसे घेऊ नयेत हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत स्वच्छ लिहिलेलं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी २०१३ मध्ये असा १२०० रुपयांचा चेक आल्यावर सरळ तक्रार केली. मी तक्रार केली नाही, गप्प बसलो. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

पण नुसतं पाकीट बंद करून भागत नाही. आमचं पोट कशावर चालतं ते बघा. दर खेपेची फी म्हणजे तुम्ही जितके आजारी, तितकी माझी कमाई. "एक सुई टोची द्या ना" म्हणणाऱ्याला सुई टोचली की पैसे, आणि सुई का नको हे दहा मिनिटं समजावलं की गिऱ्हाईक शेजारच्या दवाखान्यात! विम्याचं म्हणाल तर बहुतेक पॉलिस्या खाटेवर पडल्याशिवाय ओळखच देत नाहीत. २०१२ मध्ये जी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात आपल्या धुळे जिल्ह्यात आली, आणि २०१७ पासून जिला महात्मा फुल्यांचं नाव आहे, ती मोठ्या आजारात खरोखर आधार देते. पण बीपीची गोळी रोज घेतली जाते की नाही हे विचारायला कुणी येणार? लकवा मारल्यावर सगळे येतात, त्याआधीची दहा वर्षं कुणाचीच नाहीत.

मित्र म्हणतात, लोक उगाच रोज येतील. नाही येत हो. कामधंदा सोडून दवाखान्यात बसायची हौस कुणाला असते? दुसरा आक्षेप खरा आहे: ज्याच्याकडे महिन्याचे ३०० नाहीत त्याचं काय? त्याच्यासाठी सकाळचा एक तास उघडा ठेवलाय, पण ते उत्तर पुरेसं नाही हे मलाही कळतं. ते काम सरकारी दवाखान्याचं आहे, आणि ते नीट चालावेत म्हणून आपणच ओरडायला हवं.

आणि पैशाचं. आज १४० कुटुंबं आहेत, म्हणजे ४२,००० रुपये. त्यातून भाडं आणि कंपाउंडरचा पगार. गाडी जुनीच आहे, त्यावरूनही मामा बोलले :)

सालदारांचे हाल झाले, उचलीत पिढ्या अडकल्या, हे मला ठाऊक आहे. मी त्यांची फक्त बोली घेतलीय. मामा, पीक बरं उभं आहे म्हणून तुम्ही सालदाराचे पैसे कापत नाही ना? पीक उभं राहावं म्हणूनच त्याला ठेवता. मग डॉक्टरलाच पीक आडवं झाल्यावर पैसे का?

असो. मामा, तुमचं बीपी परवा वाढलेलं होतं. लोणचं कमी करा. याचे पैसे नकोत, तुमचं साल मी कधीच धरलंय.