रुस्तमजींची बंदूक आणि रुस्तमजींची लेखणी

पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली की खेड्यातला माणूस आधी कुणाची ओळख निघते का ते बघतो. बांध कोरल्याची तक्रार असो, नाहीतर बैलजोडी चोरीला गेलेली असो. सरपंचाला सोबत घ्या, पुढाऱ्याची चिठ्ठी न्या, मग फौजदारसाहेब ऐकतील, असा आपला हिशेब. वाचकहो, हा हिशेब बदलावा असं वाटणारा एक बडा अधिकारी खुद्द पोलीस खात्यातच होऊन गेला, आणि तोही आपल्या विदर्भातला. त्यांचं नाव खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी.

जन्म १९१६ चा, नागपूरजवळच्या कामठीचा. १९३८ साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलीस दलात शिरले. पुढं पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांनी सांभाळली. १९५८ मध्ये ते मध्य प्रदेशाचे पोलीस प्रमुख झाले. १९६५ साली सीमा सुरक्षा दल उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख तेच. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. २००३ साली ते गेले. एवढ्यावर थांबलं तर हे चरित्र सरकारी सत्काराच्या भाषणात शोभेल. पण खरा वाद पुढंच आहे.

त्या काळी चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैना भागात, डाकूंचा धुमाकूळ होता. रुस्तमजींच्या पोलिसांनी टोळ्यांमागून टोळ्या बंदुकीनं मोडल्या. १९५९ साली गब्बरसिंग मारला गेला. होय, ज्याचं नाव पुढं 'शोले'तल्या डाकूला दिलं तोच हा खरा गब्बर, लोकांची नाकं कापणारा. त्या मुलखातल्या शेतकऱ्यानं तेव्हा सुटकेचा श्वास टाकला असेल, यात शंका नाही.

आणि १९६० च्या मे महिन्यात तिथं विनोबा पोचले. विनोबाही आपलेच, रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे. फाशीच्या छायेत असलेल्या तहसीलदारसिंगच्या निरोपावरून ते चंबळात पायी हिंडले. वीस डाकूंनी त्यांच्यापुढं शस्त्रं ठेवली. सारा देश थक्क झाला. रुस्तमजी मात्र उघडपणे विरोधात बोलले. डाकूंचे हार-तुरे करून सत्कार होणार असतील, तर त्यांच्याशी लढताना मेलेल्या शिपायाच्या बायकोपोरांना काय वाटेल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यावरून मोठं वादळ उठलं.

दोघांत खरं कोण? आमच्या मते दोघांचंही अर्धं खरं. शिपाई हासुद्धा बहुधा शेतकऱ्याचाच पोरगा असतो. त्याचं रक्त फुकट गेलं असं त्याला वाटू देणं बरं नाही. पण डाकू काही आभाळातून पडत नाही. जमिनीचा तंटा, भाऊबंदकी, जातीचा सूड आणि ठाण्यात न मिळालेला न्याय यांतूनच तो खोऱ्यात उतरतो. गोळीनं माणूस मरतो, तंटा मरत नाही. शिवाय चकमकीत मेलेल्याला कोर्ट कधी बघायलाच मिळत नाही. चंबळचा प्रश्न रुस्तमजींच्या बंदुकीनं सुटला नाही, तसा विनोबांच्या प्रार्थनेनंही एका फटक्यात सुटला नाही. १९७२ मध्ये जयप्रकाशजींपुढं पुन्हा शेकडो डाकूंना शस्त्रं टाकावी लागली, ती त्यामुळंच.

पण रुस्तमजींचं आयुष्य चंबळपाशी संपत नाही. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे ते सदस्य झाले. त्या कामात बिहारचे तुरुंग त्यांनी डोळ्यांनी पाहिले. तिथं कच्चे कैदी वर्षानुवर्षं सडत होते. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ कित्येकजण आतच होते. जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही. काही बायकांवर तर कसला आरोपही नव्हता. रुस्तमजींनी जानेवारी १९७९ मध्ये हे सगळं वर्तमानपत्रात लिहिलं. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकीलबाई सुप्रीम कोर्टात गेल्या. तोच हुसैनारा खातून खटला. खटला लवकर चालणं हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टानं सांगितलं. हजारो कच्चे कैदी सुटले. आज आपण 'जनहित याचिका' म्हणतो, त्या वाटेचा पहिला दगड इथं बसला.

त्याच आयोगानं आणखी एक कडू गोष्ट लिहून ठेवली. पोलीस करतात त्यातल्या साधारण साठ टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात! हे कुण्या विरोधी पुढाऱ्याचं भाषण नव्हे. सरकारनं नेमलेल्या आयोगाचा हा निष्कर्ष आहे. १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल आले आणि फडक्यात बांधून ठेवले गेले. पोलिसांवरचा पुढाऱ्यांचा दाब कमी करा, हे त्यातलं मुख्य सांगणं. पुढं २००६ साली प्रकाशसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याच धर्तीवर सात आदेश दिले. आपल्या राज्यानं २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला, तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. कागद झाला, पण चिठ्ठीचं वजन कमी झालं का, हे ज्यानं त्यानं आपल्या तालुक्याच्या गावी बघावं.

म्हणून रुस्तमजींना देवही करू नये आणि दगडही. चंबळातल्या रुस्तमजींची आठवण काढून 'ठोकून काढा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुरुंगातल्या रुस्तमजींची आठवण कुणी काढत नाही, कारण ती गैरसोयीची आहे. आम्हाला दुसरे रुस्तमजी मोठे वाटतात. आपल्याच खात्याच्या कारभारातून आत गेलेल्या माणसांबद्दल जाहीरपणे लिहायला बंदूक चालवण्यापेक्षा जास्त छाती लागते.

आता आपल्या कामाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ ध्यानात ठेवा. याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मुदत निम्मी. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम. आणि कोठडीत असलेल्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तुमच्या गावातलं कुणी पोर आत अडकलं असेल, तर त्याच्या आईला हे समजावून सांगा. पुढाऱ्याच्या दारात बसण्याआधी तिला विधी सेवा समितीचं दार दाखवा.