पडद्यावरचा तुरुंग, गावाबाहेरचा बेडा

‘जय भीम’ (२०२१) हा चित्रपट तुरुंगाच्या दारात सुरू होतो. सुटलेल्यांना जात विचारतात. काहींना तिथूनच नव्या गुन्ह्यांत अडकवण्यासाठी नेतात. कथा तमिळनाडूतली, १९९३च्या प्रकरणावर बेतलेली. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या पारधी जमातीच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, तो प्रसंग कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायची वाट काढली. पुढे पारधीही त्यात ओढले गेले. १९५२मध्ये तो रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही: गावात चोरी झाली की नजर आधी बेड्याकडेच वळते.

चित्रपटात नायकपण वकिलाकडे गेलं, हे मला खटकलं. झुंज कोठडीतून गायब झालेल्या नवऱ्याचा शोध घेणाऱ्या सेंगणीची होती. अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या चित्रपटांवर हळहळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी जवळचा बेडा पाहिलाय?